नेविनचा बिल्ला

स्पँगलर्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया
६ मार्च २००५

प्रिय विल्मर,

तू पाठवलेली संत्री पोचली. अर्धी नासकी निघाली, उरलेली गोड होती. खोक्यात तळापर्यंत चिठ्ठी शोधली, पण नव्हती. म्हणजे अबोला अजून चालूच आहे. असू दे. अबोला तू धरलास, मी नाही, म्हणून मी लिहिते.

तू सभेत चीफचं पांढरं हेल्मेट टेबलावर आपटून थेट दक्षिणेला समुद्रकाठी निघून गेलास, त्या हेल्मेटला पोचा पडला आहे. अग्निशमन दल मात्र चालू आहे. तुझ्यावाचून बुडेल असं तुला वाटलं असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. नवीन चीफ कोण झालं ते पुढच्या वेळी लिहीन, त्यात विशेष काही नाही.

आपल्याकडे ती नवी राष्ट्रीय पद्धत रीतसर मंजूर झाली. आग असो, पूर असो, रेल्वे घसरो, देशभर कामाची एकच रीत. रेडिओवर आपले जुने सांकेतिक आकडे बंद, साध्या भाषेत बोलायचं. जो अधिकारी आधी पोचेल तो तिथला प्रमुख, मग गाव कुणाचं का असेना. इमारतीत शिरण्याआधी प्रत्येकाने आपल्या नावाचा बिल्ला प्रमुखाजवळच्या फळ्यावर टांगायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. हे मान्य नसेल तर वॉशिंग्टनची मदत नाही, आणि आपला बंब तुझ्या लग्नाच्या वेळचा आहे.

तुला या सगळ्याचं काही नव्हतं. तुझं घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. "माझ्या गावात मी हार्लन बिक्सलरचा हुकूम ऐकणार नाही." मी शेजारीच बसले होते. पशुखाद्याच्या गिरणीला आग लागली तेव्हा ओढ्यापलीकडचं डाइसटाउनचं दल आधी आलं, त्यांनी तुझी वाट न बघता पाणी मारलं आणि पेपरात फोटो त्यांच्या चीफचा, हार्लनचा छापून आला. दुसऱ्याच्या हद्दीत त्यांचा चीफ येईपर्यंत नळीला हात लावायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. शेजाऱ्याच्या ताटात हात घालू नये तसं. हार्लनने ती मोडली, हे तू वर्षानुवर्षं सांगत आलास. गिरणी वाचली, हे मात्र एकदाही सांगितलं नाहीस.

परीक्षाही झाली. सगळे पास. सगळ्यांचा एकच प्रश्न चुकला, आणि तोही एकाच पद्धतीने, कारण सगळ्यांनी एल्मर डाइट्रिचच्या पेपरात डोकावून लिहिलं होतं. तपासायला आलेल्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. कागदावर आपण आता देशातल्या कुठल्याही दलाच्या बरोबरीचे आहोत. आडात काय आहे ते पोहऱ्यात येईल तेव्हा कळेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. नेविन बिल्ला टांगत नाही.

बाकीचेही कुरकुरतात. कारण तुला माहीत आहे. आपल्या हॉलमधली अक्रोडाची पाटी. गेलेल्यांची पितळी नावं तिच्यावर लागतात, आपल्या वडिलांचं आहे, माझ्या नवऱ्याचं, रॉलंडचं आहे. या गावात माणूस मेल्यावर त्याचं नाव फळ्यावर लागतं, आणि साहेब म्हणतात जिवंतपणी टांगा. मलाही पहिल्यांदा हात पुढे करवेना. पण बाकीचे तोंड वाकडं करून का होईना टांगतात. तुझा मुलगा टांगत नाही, कारण तू टांगणार नव्हतास. तू पुढे शिरायचास आणि शेवटी बाहेर यायचास, आणि तो तुझ्या पावलावर पाऊल ठेवतो. फरक एवढाच की तू आत असलास की सगळ्या गावाला माहीत असायचं. तो गप्प मुलगा आहे, कधी शिरला ते कळतसुद्धा नाही.

माझं तो ऐकत नाही. तू त्याला एक ओळ लिही. मला नाही लिहिलीस तरी चालेल.

फर्न


स्पँगलर्सबर्ग
१९ जून २००५

प्रिय विल्मर,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पुढे मगरीचं चित्र, मागे एकच वाक्य: "ऐकलं की माझं हेल्मेट तुझ्या डोक्यावर बसवलंय." कुणी चहाडी केली ते मला माहीत आहे, त्याला यंदा माझ्या भट्टीतली गोड रूबार्ब-पाय खायला मिळणार नाही.

हो, मी चीफ आहे. दुसरं कुणी उभं राहिलं नाही. महिला मंडळात सँडविचं करता करता मी बंबाचा पंप चालवायला शिकले, शाळेची बस तर आयुष्यभर चालवते आहे. आरडाओरडा करणारी साठ पोरं मागे बसलेली असताना घाटातून बस उतरवणारी बाई आगीपुढे डोकं शांत ठेवेल, असं त्यांना वाटलं असावं. हेल्मेट मला मोठं होतं. आतून टॉवेलची घडी ठेवते.

गेल्या महिन्यात एका रविवारी डाइसटाउनबरोबर एकत्र सराव झाला. तुझ्या हयातीत पहिल्यांदा. आपली माणसं ओढ्याच्या अलीकडे, त्यांची पलीकडे, लग्नात दोन्हीकडचे वऱ्हाडी बसावेत तशी. शेवटी हार्लनचा धाकटा भाऊ लमार, तो दुधाचा टँकर चालवणारा, मध्ये येऊन म्हणाला, "चीफबाई, आमची माणसं चावत नाहीत. हार्लन चावतो, पण त्याचे दात आता कवळीचे आहेत." हार्लनसुद्धा हसला. त्याला हसताना मी शाळेनंतर पाहिलं नव्हतं.

मग फळ्यापाशी आलो. नेविन हात खिशात घालून उभा.

"बिल्ला," मी म्हणाले.

"आत्या, नाव टांगायला मी अजून मेलेलो नाही."

आपली माणसं हसली. मी बोलायच्या आत लमार पुढे झाला. "अरे, मेल्यावर पितळेचं मिळतं. हे प्लॅस्टिकचं. जिवंत माणसांना स्वस्तातलं पुरतं." त्याने आपला बिल्ला टांगला, नेविनच्या खिशात हात घालून त्याचा काढला आणि शेजारी टांगला. नेविन लाजला, पण त्याने तो काढला नाही. मला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

कसला जातो. पुढच्याच आठवड्यात गवताला आग लागली, तिथे हा आपल्या ट्रकमधून कुणाला न सांगता थेट शेताच्या मध्यात. मी त्याला सगळ्यांसमोर घरी पाठवला. तो गेला, पण जाताना असा बघत होता की त्याच्या आईची, एलीनची आठवण झाली. ती गेल्यापासून त्याच्या डोळ्यांत काही दिसलं की मला तीच दिसते.

विल्मर, तुझा माझ्यावर राग आहे, हार्लनवर आहे, वॉशिंग्टनवर आहे. त्या सगळ्याची शिक्षा त्या पोराला कशाला? तो मरेल रे. मी हे आडून आडून लिहीत होते, आता सरळ लिहिते. माझ्या आज्ञेतल्या कुठल्या तरी आगीत तो मरेल आणि तो आत आहे हे मला माहीतही नसेल. त्याला फोन कर. तुझ्या तोंडून एकदा ऐकलं की तो ऐकेल.

फर्न


२ सप्टेंबर

विल्मर,

तू फोन केलास. काय बोललास ते नेविनने मला जसंच्या तसं सांगितलं, खोटं बोलायला त्याला येत नाही. "आत्या घाबरट आहे. मी शिकवलंय तसा आत जा. हेप्लरांची नावं हार्लन बिक्सलर मोजणार नाही."

तिथे समुद्रकाठी खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाक. शेळी मात्र तुझीच आहे, एवढं ध्यानात ठेव.

मी त्याला दलातून काढणार होते. कागद तयार केला होता. तो संध्याकाळी येऊन माझ्या ओसरीच्या पायऱ्या दुरुस्त करत बसला, न सांगता, आणि माझ्याने तो कागद पुढे करवला नाही. दल सोडलं तर त्याच्याकडे दुसरं काय आहे? छपरं घालण्याचं काम आणि तुझं रिकामं घर.

फ.


१३ नोव्हेंबर

विल्मर, फोन उचल. नेविन जिवंत आहे. हे आधी वाच आणि मग फोन उचल.


स्पँगलर्सबर्ग
१८ नोव्हेंबर २००५

प्रिय विल्मर,

तुझी शेजारीण म्हणते की तू बोट घेऊन बेटांकडे गेला आहेस आणि कधी येशील ते सांगून गेला नाहीस. हे पत्र ती तुझ्या दाराला लावून ठेवणार आहे. उभ्याने वाचू नकोस, बस.

शर्टांच्या जुन्या कारखान्याला आग लागली. दिवसाढवळ्या, शनिवारी दुपारी. आपली माणसं चर्चच्या तळघरात सॉसेज भरत होती, हात बरबटलेले, त्यामुळे डाइसटाउन आपल्या आधी पोचलं. मी बंब घेऊन आले तेव्हा हार्लन प्रमुखाचं जाकीट घालून दारासमोर उभा होता, पाणी सुरू झालेलं होतं, आणि आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव फळ्यावर होतं. कुणी कुणाची वाट बघत थांबलं नव्हतं.

मला बघून त्याने जाकिटाच्या पट्ट्याला हात घातला. "फर्न, हे घेतेस? गाव तुझं आहे."

खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात तुझा आवाज ओरडत होता. एल्मर माझ्याकडे बघत होता, सगळेच बघत होते. मी म्हणाले, "तू सुरू केलंयस, तूच पुढे ने. मला काम सांग."

त्याने मला ओढ्यावर पाण्याच्या पंपावर पाठवलं. आपल्या माणसांनी त्याच्या माणसांच्या शेजारी बिल्ले टांगले. विल्मर, मला त्या क्षणी फार बरं वाटलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की ती पद्धतच वाईट. ती वाईट नव्हती.

थोड्या वेळाने छप्पर खचायला लागलं. हार्लनने सगळ्यांना बाहेर बोलावलं, बंबांचे भोंगे बराच वेळ वाजवले. एकेक जण आला आणि आपला बिल्ला काढून घेऊन गेला. फळ्यावर फक्त बाहेर तयार ठेवलेल्या दोघांचे बिल्ले उरले. कुणी हेल्मेट काढलं, कुणीतरी पाण्याची बाटली दुसऱ्याच्या डोक्यावर ओतली. मोजणी बरोबर होती, आत कुणी नव्हतं.

तेव्हा रेडिओवर लमारचा आवाज आला. आत कुणी अडकलं तर जायला म्हणून दोन माणसं तयार ठेवतात, तो त्यातला एक होता आणि इमारतीला चक्कर मारत होता. "मागच्या मालाच्या दारापाशी निळा ट्रक आहे. शिडी बांधलेली. दार उघडं आहे."

नेविनचा ट्रक, छपरांच्या कामावरून सरळ आलेला. मागच्या रुळांकडच्या वाटेने, जिथे आम्ही कुणालाच ठेवलं नव्हतं. नंतर कळलं की पेट्रोल पंपावर त्याला कुणीतरी सांगितलं होतं, म्हातारा राखणदार स्ट्राउस आत आहे. स्ट्राउस त्या वेळी न्हाव्याच्या खुर्चीत बसून दाढी करून घेत होता.

रेडिओवर हार्लनने विचारलं, "फर्न, नेविन कुठे आहे?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

चीफ म्हणून, आत्या म्हणून, मला एवढंच सांगता आलं. त्याचा बिल्ला टांगलेला असता तर कुठल्या दाराने गेला, कुणाबरोबर गेला, केव्हा गेला, हे हार्लनला माहीत असतं. मुळात त्याला एकट्याला जाऊच दिलं नसतं. आता दोन मजल्यांची धुराने भरलेली इमारत होती आणि तिच्यात कुठेतरी तुझा मुलगा होता.

हार्लनला नाही म्हणता आलं असतं. नियम त्याच्या बाजूचा होता. छप्पर जात होतं, आत कोण आहे हे नक्की नव्हतं. त्याने मना केलं असतं तर आज मी त्याच्या बाजूने साक्ष दिली असती, देवाशपथ. त्याने लमारला विचारलं, "जाशील?" हुकूम केला नाही, विचारलं. मी पंपापाशी ते ऐकत होते.

लमार म्हणाला, "दादा, नाव टांगलंय. आता उगाच टांगून कशाला ठेवायचं?"

तो आणि त्याचा जोडीदार आत गेले. नेविन वरच्या मजल्यावर शिलाईच्या टेबलांखाली सापडला. दोघांनी त्याला खिडकीपर्यंत ओढत आणलं, शिडीवर ढकललं, जोडीदार त्याच्या मागोमाग शिडीवर आला. लमारचा पाय खिडकीच्या चौकटीवर होता तेव्हा त्याच्या पायाखालचा मजला कोसळला.

हार्लन जागेवरून हलला नाही. ते मी विसरणार नाही. भाऊ आत, आणि हा उभा, जाकीट अंगात, आवाज तोच. दोन नळ्या मागे लावा, शिडी काढा, रुग्णवाहिका पुढे आणा. मी पंप एल्मरच्या हवाली करून धावत आले आणि त्याच्यासमोर उभी राहिले. "हार्लन, आता मला दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मला कुठे कोण आहे, किती पाणी चालू आहे, काय उरलं आहे, ते एकेक करून सांगितलं, रीतीप्रमाणे, काहीही न गाळता. मग जाकीट काढून माझ्या अंगावर घातलं. फळ्यावर एकच बिल्ला राहिला होता. तो त्याने काढला आणि मुठीत घेऊन बंबाच्या पायरीवर जाऊन बसला. आम्ही लमारला बाहेर आणलं तेव्हा अंधार पडायला आला होता.

काल त्याला पुरलं. दूधवाल्यांचे टँकर रांगेने उभे होते. आपल्या महिला मंडळाने मनुका भरलेल्या गोड पाय भाजल्या, डाइसटाउनच्या बायकांनी हॅमची सँडविचं, आणि त्या बायका माझ्याशी नीट बोलल्या. त्यांनी तोंडावर काही म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. लमारच्या बायकोने माझा हात धरला आणि विचारलं, "तुमच्या नेविनने काही खाल्लं का?"

त्याने खाल्लेलं नाही, विल्मर. छातीत धूर गेला होता, तो बरा होतोय. बाकी काही बरं होत नाही. तुझ्या घरात खिडकीपाशी बसतो. मला म्हणाला, "आत्या, माझं नाव तिथे असतं तर कुठे शोधायचं ते लमारला माहीत असतं." खरं आहे ते. "पप्पांना कळवलंस?" एवढंच दुसरं वाक्य. तुझ्या फोनबद्दल त्याने चकार शब्द काढलेला नाही, आणि काढणारही नाही.

तुला दोष द्यायला लिहीत नाही, असं मी या पत्रात आधी लिहिलं होतं. ते पान फाडलं. देते मी दोष. तुला देते, स्वतःला देते, त्या न पुढे केलेल्या कागदाला देते. पण तो आता बाजूला ठेवू, कारण घर अजून पेटलेलं आहे.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे जेवण घेऊन गेले तर तो घरात नव्हता. गॅरेजचं दार आतून बंद होतं आणि आत ट्रक चालू होता. मी कुऱ्हाडीने दार फोडलं. याहून जास्त लिहीत नाही. डॉक्टर येऊन गेले, औषधं दिली आहेत, दर दोन दिवसांनी त्यांच्याकडे न्यायचं आहे. त्याला एकटं सोडायचं नाही, असं त्यांनी बजावलं आहे.

मी कुणालाही सांगितलं नव्हतं. पण दार फोडल्याचं गावात लपत नाही. आज सकाळी तुझ्या ओसरीवर हार्लन उभा होता. भावाला पुरून चोवीस तास झाले नव्हते. मला वाटलं, आता तो बोलेल, आणि बोलू दे, मी ऐकून घेईन. तो म्हणाला, "तू बस चालवायला जा. मी इथे आहे."

"हार्लन, तू कशाला?"

"लमारने त्याला बाहेर काढलाय," तो म्हणाला. "आता तो वाया जाऊ देणार नाही मी."

तेव्हापासून तो बसला आहे. तुझ्या खुर्चीत, तुझ्या ओसरीवर. दुपारी मी डोकावले तेव्हा हार्लन त्याच्याकडून कोंबडीचं सूप संपवून घेत होता, "अजून एक चमचा, मग सोडतो," असं लहान मुलाला म्हणावं तसं म्हणत. नेविन रडत होता आणि गिळत होता.

आम्ही पाळ्या लावल्या आहेत, पण हार्लन आपली पाळी संपली तरी उठत नाही. त्याला त्याच्या घरी जाऊन रडायला वेळ मिळालेला नाही. आणि नेविनला जे ऐकायचं आहे ते आमच्या दोघांपैकी कुणाच्याच तोंडून त्याला चालणार नाही. तू ये. बोट विक, सोड, बुडव, काहीही कर आणि ये.

एक गोष्ट मात्र पाळ. मोठी बहीण म्हणून सांगते आणि चीफ म्हणूनही. गाडीतून उतरलास की मागच्या दाराने थेट त्याच्याकडे धावू नकोस. पुढून ये. ओसरीवर हार्लन असेल. त्याच्यासमोर उभा राहा, त्याला सांग की विल्मर हेप्लर आलाय, आणि काय करू ते विचार. तो सांगेल तसं कर. मग आत जा.

फर्न